दोन बोटं माया

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, म्हणून आमच्या घरी गणवेशाची धावपळ मृगाच्या पहिल्या सरीनंतर सुरू होते. गेल्या वर्षी धाकटीला घेऊन मी नागपूरच्या महालातल्या आमच्या नेहमीच्या टेलरकाकांकडे गेले. गल्लीच्या तोंडाशी स्कूटी लावली. दुकानाच्या पायऱ्या चढताना पाहिलं, तर तिनं पोट आत ओढून घेतलं होतं. अकरा वर्षांची पोर. मापाला उभी राहिली तरी श्वास धरूनच. काकांनी टेप गुंडाळली, थांबले, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बेटा, श्वास सोड. नाही तं शाळेत बटण तुटन."

तिनं श्वास सोडला. छाती, कंबर, खांदा, मुंढा अशी मापं काका बोलत गेले आणि त्यांचा मुलगा वहीत उतरवत गेला. शेवटी काकांनी वही स्वतःकडे ओढली आणि मला म्हणाले, "ताई, ही ठेवण तं माझ्या हाताला ओळखीची आहे. तुमच्या सासूबाईंची. चाळीस वर्षं ब्लाउज शिवून राहिलो त्यांचे. रुंद खांदा, भरलेला दंड, तेच." मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "माया किती सोडू?"

शिवणाऱ्यांना हा शब्द माहीत असतो. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. अंग भरलं, उंची वाढली, की उसवून तेवढी जागा मिळते. वाढत्या पोरांच्या कपड्यांत टेलर न विचारताच दोन बोटं सोडतो. मी म्हणाले, "सोडू नका. वजन उतरवायचंय आता तिचं."

काका काही बोलले नाहीत. घरी येताना धाकटी मागच्या सीटवर बसली होती, पण एरवी माझ्या कमरेला हात घालते तसा तिनं घातला नव्हता.

आमच्या घरात दोन मुलं आहेत. थोरला चौदाचा, माझ्या माहेरच्या वळणावर गेलेला, काटक. दोघं एकाच कुकरमधला भात आणि एकाच कढईतली भाजी खाऊन वाढली. रविवारी तर्री पोहे झाले, की थोरला एक प्लेट खातो आणि हात धुऊन पळतो. प्लेटीत चार चणे राहिलेले असतात आणि त्याला त्यांची आठवणही नसते. धाकटी शेवटचा चणा संपवते आणि पातेल्याकडे बघते. दुसरी प्लेट खाल्ल्यावरही ती पातेल्याकडे बघते. किती वर्षं मी त्या बघण्याला हावरेपणा समजत होते. तिला टोकत होते. "दादाला बघ" हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, त्याचा हिशेब आता मांडवत नाही.

खरं तर मला पहिल्या महिन्यातच कळायला हवं होतं. थोरला दूध पिता पिता झोपायचा, त्याला गालाला हात लावून जागं करावं लागे. धाकटी जन्मली २ किलो ६०० ग्रॅमची, आणि प्यायला लागली की थांबायचीच नाही. काढून घेतलं की टाहो. बाळ बारीक आहे म्हणून घरातल्या सगळ्यांना त्याचा आनंदच झाला होता. "पीते चांगली" म्हणायचे. वर्षाची होईपर्यंत वरणभातावर तुपाची धार, दुपारी खिमट, संध्याकाळी पुन्हा काहीतरी. बारीक पोर भरून आली, गाल वर आले, आणि आलेल्या-गेलेल्यांनी आमचं कौतुक केलं. त्याच बायका सात-आठ वर्षांनी म्हणायला लागल्या, "मायनं लाडावून ठेवली."

आणि मग ती मान.

नऊ वर्षांची असताना तिची मान मागून काळवंडायला लागली. मला वाटलं, मळ बसतोय. नागपूरचा उन्हाळा, घाम, कूलरचं दमट वारं. रविवारी न्हाऊ घालताना मी बेसन, हळद आणि लिंबू लावून ती मान घासायची. आधी हातानं, मग लुफ्यानं, एकदा तर काथ्यानं. ती म्हणायची, "आई, आग होते." मी म्हणायची, "थोडं सोस." कातडी लाल व्हायची, दोन दिवसांनी पुन्हा काळी. तिला नीट अंघोळ करता येत नाही, असंही मी तिला बोलले आहे. दोन वर्षं मी ती मान घासली.

जुलैत धंतोलीतल्या एका बालरोगतज्ज्ञांकडे तिला तापासाठी नेलं. घसा तपासून झाल्यावर त्यांनी तिची वेणी बाजूला केली, मान पाहिली आणि मला विचारलं, "ही घासता का तुम्ही?" मी हो म्हणाले. त्यांनी सांगितलं, की हा मळ नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, तेव्हा रक्तात इन्सुलिन जास्त साठतं आणि मानेवर, काखेत कातडी जाड आणि काळपट होते. अॅकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात त्याला. घासून ते जात नाही, आतलं सुधारलं तर हळूहळू फिकं होतं. मला तिथे तिच्याकडे मान वर करून बघता आलं नाही.

डॉक्टरांनी तिची उंची मोजली. वयाच्या मानानं चांगली होती, आणि त्यांच्या लेखी ती महत्त्वाची खूण होती. थायरॉइडसारख्या ग्रंथींच्या बिघाडानं वजन वाढलं, तर मुलाची उंची बहुधा खुंटते. लहानपणी ती अंगानं लुळी होती का, चालायला-बोलायला फार उशीर झाला का, पाच वर्षांच्या आधीच वजन हाताबाहेर गेलं होतं का, असंही विचारलं. प्रेडर-विली या जन्मजात आजाराची किंवा एखाद्या एकाच जनुकाच्या दोषानं येणाऱ्या लठ्ठपणाची शंका घ्यायला अशी चिन्हं लागतात. ती नव्हती, म्हणून जनुकीय तपासणीची गरज त्यांना वाटली नाही. मग भारतीय बालरोग अकादमीचा २०१५चा वाढीचा तक्ता काढून त्यांनी तिचा ठिपका मांडला. आपल्या मुलांसाठी त्यातल्या रेघा पाश्चात्त्य तक्त्यांपेक्षा खाली आखल्यात. मोठ्या माणसाच्या २३ आणि २७ बीएमआयला, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणाऱ्या आकड्याला, जुळणाऱ्या, कारण आपल्याकडे कमी वजनावरच मधुमेह आणि रक्तदाब गाठतात. ठिपका वरच्या, लठ्ठपणाच्या रेघेच्या किंचित वर होता. शेवटी त्यांनी दोन्ही घरांची चौकशी केली. आजोळी कोण कसं, सासरी कोण कसं. मला टेलरकाकांची वही आठवली.

त्या रात्रीपासून मी वाचायला लागले. शास्त्राशी माझा संबंध बारावीपर्यंतचा, त्यामुळे एकेक गोष्ट तीन-तीनदा वाचावी लागली.

डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० माणसांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. ही माणसं मोठेपणी बारीक झाली की जाड, याचा मेळ जन्मदात्यांच्या अंगकाठीशी बसला. ज्यांनी खाऊ-पिऊ घालून वाढवलं, त्यांच्याशी बसला नाही. हे वाचून मी उठून पाणी प्याले. कॅनडातल्या क्वेबेकला १९९० साली जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना ८४ दिवस गरजेपेक्षा १,००० कॅलरी रोज जास्त खायला दिल्या. प्रत्येकाला तेवढ्याच. कोणाचं वजन साडेचार किलोंच्या आत वाढलं, कोणाचं तेरा किलोंवर. पण एकाच जोडीतले दोघे भाऊ बरेचसे सारखे वाढले. माझ्या स्वयंपाकघरात जे घडत होतं, ते तिथे वजनकाट्यावर उतरलं होतं.

सगळ्यात जास्त मी अडकले ती लेप्टिनच्या गोष्टीत. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला उंदरातलं एक जनुक सापडलं. ते बिघडलं की उंदीर खातच सुटतो. या जनुकापासून बनणारं लेप्टिन चरबीतूनच रक्तात येतं आणि मेंदूला कळवतं, की साठा आहे, आता पुरे. पंगतीत वाढपी आला की आपण ताटावर हात आडवा धरतो ना, तसं. तो हात दिसलाच नाही, तर वाढपी वाढतच राहणार. १९९७ साली केंब्रिजच्या सदाफ फारुकी आणि स्टीफन ओराहिली यांच्या गटानं पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातल्या दोन भावंडांबद्दल लिहिलं. चुलत की मामे-आते, ते मला कळलं नाही. आठ वर्षांची मुलगी ८६ किलोंची होती. त्यांच्या शरीरात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. नवव्या वर्षी तिला लेप्टिनची रोजची इंजेक्शनं सुरू झाली आणि वर्षभरात १६ किलोंहून जास्त वजन उतरलं. मला मात्र त्या किलोंपेक्षा दुसरंच वाचायचं होतं. तिची भूक काही दिवसांतच शमली. कोणी तिला रागे भरलं नाही, कोणी कुलूप लावलं नाही, आणि ती इतर मुलांसारखी जेवून उठायला लागली. त्याआधी तिच्या आईला लोक काय काय म्हणाले असतील, ते मला वाचायची गरज नव्हती.

अशी मुलं जगात अगदी मोजकी. मेंदूतल्या एमसीफोरआर नावाच्या जनुकाचा दोष त्यामानानं जास्त आढळतो. फारच लहान वयात खूप वजन वाढलेल्या शंभर मुलांत पाच-सहांना तो सापडला आहे. आमच्या धाकटीसारख्या बाकीच्या मुलांत एकच एक दोषी जनुक नसतं. शेकडो लहान-लहान फरक असतात आणि त्यातले बरेचसे मेंदूत काम करतात. भूक, तृप्ती, अन्न समोर दिसल्यावरची ओढ. २००७ साली सापडलेल्या एफटीओ या जनुकाचा जाड करणारा प्रकार आई आणि बाप दोघांकडून आला, तर मोठेपणी सरासरी तीन किलो वजन जास्त भरतं. तीनच किलो. पण अशा थेंबांनीच तळं भरतं. ब्रिटनमध्ये अंगावरच्या दुधाच्या वयातल्या जुळ्यांचा अभ्यास झाला, तेव्हा किती अधाशीपणानं प्यावं आणि कधी थांबावं, हेही बरंचसं जन्मतःच ठरलेलं दिसलं. टाहो फोडणारं माझं २ किलो ६००चं बाळ मला आठवलं.

नवऱ्यानं एक चांगला प्रश्न विचारला. जनुकं तं तीच आहेत, मग आपल्या लहानपणी वर्गात एखादाच जाडा पोट्टा का असे? याचं उत्तर मला सासूबाईंच्या माहेरच्या बागेत मिळालं. काटोलकडे त्यांची संत्र्याची बाग होती. दुष्काळी वर्षात सगळीच झाडं कमी धरतात, पाण्याच्या वर्षात सगळीच लदतात. पण एकाच पाण्यावर, एकाच खतावर वाढलेल्या ओळीत एखादं झाड फांदी मोडेस्तोवर धरतं, तो फरक कलमाचा. सगळ्यांना सारखं पाणी मिळालं, की कलमाचा फरक जास्तच डोळ्यांत भरतो. जेन वॉर्डल यांनी २००८ साली ब्रिटनमधल्या ८ ते ११ वर्षांच्या जुळ्यांच्या अभ्यासातून मुलामुलांच्या बीएमआयमधल्या फरकाचा ७७ टक्के वाटा आनुवंशिकतेला दिला, त्याचा अर्थ मी असा लावते. एका पोरीच्या वजनातले ७७ टक्के जनुकांचे आणि उरलेले आईचे, असा तो हिशेब नाही.

आणि पाणी तर सगळीकडेच वाढलंय. आमच्या गल्लीत पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा तीन दुकानांवर लटकतात. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला, की पोरं सकाळी दहा ते संध्याकाळी साडेसहा कूलरसमोर. पुढे ट्यूशन.

आपल्या इकडच्या शरीरांचा आणखी एक गुंता पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी उलगडला. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून त्यांच्या गटानं गरोदर बायका आणि त्यांची बाळं मोजली. आपली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली ३.५ किलोंची. आपली बाळं स्नायूंत, अवयवांत मागे होती, पण कातडीखालची चरबी त्यामानानं राखून होती. बारीक दिसणारी, तरी चरबी जपणारी. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. नागपूर तेव्हा ज्यात होतं, त्या मध्य प्रांतात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन मोठे दुष्काळ पडले होते, आणि अशा उपासमारीतून तगलेल्यांची जनुकं काटकसरी असावीत, असा तर्क जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी १९६२ साली मांडला होता. त्यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. पण बारीक जन्मलेल्या माझ्या पोरीला भरून काढण्याची आम्ही जी घाई केली, ती मला आता वेगळी दिसते. तिची भूक तिच्यासोबत आली होती, आणि आम्ही वर्षभर तिला टाळ्या वाजवल्या.

हे सगळं मी वाचत होते आणि तिकडे तिच्या शाळेत आरोग्य तपासणी झाली. वर्गासमोर काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्यानं वाचून वहीत लिहिला. ती घरी काही बोलली नाही. डबा मात्र अर्धा परत यायला लागला आणि मी, मूर्खासारखी, खूश झाले.

महालक्ष्म्यांच्या आधी घर झाडायला काढलं. तिच्या कपाटात गणवेशाच्या घडीखाली बिस्किटांचे रिकामे पुडे सापडले. नऊ. नीट घडी घालून, एकावर एक रचून ठेवलेले. मी ते हातात धरून बसले होते, तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी पुडे पाहिले. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा येणार. त्या माझ्या शेजारी पलंगावर बसल्या आणि धाकटीला हाक मारली. ती दारात येऊन थिजली.

"ये व माय, बस इथं," सासूबाई म्हणाल्या. "तुले सांगतो एक. मी लगन होऊन या घरात आली, तं सतरा माणसं होती जेवाले. सगळ्यांच्या पंगती उठल्या, की मागून आम्ही सुना. मले भूक लय लागे. दोन पोळ्यांनी काही व्हायचं नाही माझं. पण सुनेनं तिसरी पोळी मागायची कशी? मंग रात्री भांडे घासाले बसली, की भाताची खरवड काढून उभ्या उभ्या खायची. दाराकडे पाठ करून. साठ वर्षं झाली, अजून मी दाराकडे पाठ करूनच खातो."

धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "आजी, तुला पण पोट भरल्यासारखं वाटत नाही?"

"नाही व," सासूबाई म्हणाल्या. "कधीच नाही वाटलं."

या घरात मी सोळा वर्षं आहे. सासूबाई दाराकडे पाठ करून जेवतात, हे मी रोज पाहिलं होतं. उन्हाची तिरीप लागत असेल, एवढंच मला वाटायचं. त्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात. साखर वाढली की त्यांनाही मी बोलत आले होते.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला आम्ही तिघी एका ओळीत, दाराकडे तोंड करून बसलो. आंबील होती, पुरण होतं, भाज्या होत्या. धाकटीच्या ताटाबद्दल कोणी बोलायचं नाही, असं मी आलेल्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. एका जावेला राग आला. येऊ दिला.

नंतर घरात जे बदललं ते चौघा-पाचांसाठी बदललं. तिच्या एकटीच्या वाटीत उकडलेलं आणि दादाच्या वाटीत तळलेलं, हे बंद. रविवारच्या पोह्यांत पोहे कमी, चणे दुप्पट, कारण चण्यांनी तिला खरंच थोडा वेळ भरल्यासारखं वाटतं. तिनंच ते शोधून काढलं. पाकिटं घरात येत नाहीत, थोरल्यासाठीसुद्धा नाही. तो आधी कुरकुरला. संध्याकाळी ऊन उतरलं की अंबाझरीला चालायला जातो, सासूबाई बाकावर बसतात. हालचाल करणाऱ्या मोठ्या माणसांत एफटीओचा जोर काहीसा कमी पडतो, असं दिसलंय. मुलांमध्ये तसं दिसलं नाही, हे वाचून मी हिरमुसले होते, तरी चालणं सोडलं नाही. रात्री साडेनऊला दिवा बंद. भूक लागली, तर सांगायचं. चोरून खायचं नाही, कारण चोरायची गरज नाही. पहिले दोन महिने तिनं ते खरं मानलं नाही. कपाट मी पुन्हा उघडून बघितलं नाही. बघावंसं मात्र फार वाटायचं.

वजन उतरलं नाही. उंची साडेपाच सेंटिमीटर वाढली, त्यामुळे तक्त्यावरचा ठिपका रेघेच्या जरा खाली सरकला. मान किंचित फिकी झाली आहे, की मलाच तशी वाटते. डॉक्टर म्हणतात, या वयात वजन थोपवून उंची वाढू देणं हेच काम आहे, आणि ते वर्षानुवर्षांचं आहे.

या जूनमध्ये आम्ही पुन्हा महालात गेलो. सासूबाईही आल्या, त्यांना ब्लाउज टाकायचे होते. काकांनी आधी आजीचं माप घेतलं, मग नातीचं. धाकटी वहीवर वाकून दोन्ही पानं बघत होती. "आजी, तुझा खांदा माझ्यापेक्षा अर्धाच इंच मोठा आहे," ती म्हणाली.

काका माझ्याकडे वळले. "माया किती सोडू, ताई?"

मी तोंड उघडायच्या आत तिनं सांगितलं, "दोन बोटं ठेवा काका. मी अजून वाढणार आहे."

काकांनी कानामागचा खडू काढला आणि कापडावर पहिल्या रेघेच्या बाहेर दुसरी रेघ ओढली.